विटांच्या भिंतींना प्लास्टरबोर्ड : इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४ : पाहणी

घर व्हिक्टोरियन काळाच्या अखेरचे, एका रांगेत भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांपैकी एक आहे. सध्या फक्त पुढची खोली हाती घेतली आहे. खोलीला तीन प्रकारच्या भिंती आहेत. रस्त्याकडची भरीव नऊ इंची. शेजारच्या घराशी सामाईक असलेली, जिच्या मध्यभागी जुन्या धुरांड्याचा बाहेर आलेला भाग आहे. आणि खोली व बोळ यांच्यामधली साडेचार इंची पडदी. पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला विटेची लांब बाजू आणि डोके आळीपाळीने दिसतात, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी नाही हे न फोडताच समजते.

भिंतींवरचा जुना चुन्याचा गिलावा सुमारे २० ते २५ मिमी जाड असून त्यावर भुसा मिसळलेला खडबडीत कागद चिकटवलेला आहे. हातोडीच्या दांड्याने वीतभर अंतरावर ठोकत गेले, तेव्हा पडदीचा निम्म्याहून अधिक भाग पोकळ वाजला. गिलाव्याने वीट सोडलेली आहे आणि कागदानेच त्याला जागेवर धरून ठेवले आहे. घट्ट गिलाव्यावर, कागद आणि रंग खरवडून, थेट बोर्ड चिकटवता येतो. सुटलेल्या गिलाव्यावर मात्र मुळीच नाही, कारण बोर्डाचे सारे वजन शेवटी त्या गिलाव्याच्या विटेवरील पकडीवर येते. १२.५ मिमी जाडीचा साधा बोर्ड चौरस मीटरला आठ किलोंहून अधिक भरतो. पूर्ण उंचीचा एक बोर्ड पंचवीस किलोंच्या पुढे जातो.

महाराष्ट्रात हा जिप्सम बोर्ड आपण छताला, पत्र्याच्या सांगाड्यावर स्क्रूने बसवलेला पाहतो आणि भिंतीला सिमेंट-वाळूचा गिलावा करून वर लांबी (पुट्टी) भरतो. ब्रिटनमध्ये मात्र विटेच्या भिंतीवर जिप्समयुक्त चिकट मसाल्याचे गोळे थापून त्यावर अख्खा बोर्ड दाबून बसवण्याची रीत घरोघरी रूढ आहे. ओला गिलावा वाळायला लागणारे आठवडे वाचतात आणि वेडीवाकडी भिंत एका दिवसात सरळ दिसू लागते, हे तिचे खरे फायदे. पण भिंतीच्या आणि बोर्डाच्या मध्ये जी बोटभर फट उरते, ती पुढची अनेक वर्षे कोणालाही दिसत नाही. त्या फटीत हवा कोठून येते, ओल कोठून येते, याचा निर्णय बोर्ड चिकटवण्यापूर्वीच व्हायला हवा, आणि या कामात सर्वाधिक वेळ त्यालाच द्यायचा असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

छतावर खडबडीत नक्षीचा जुना लेप आहे. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्याआधीच्या अशा लेपात ते असण्याची शक्यता असते. सामाईक भिंतीच्या सांगाड्यासाठी छताला भोके पाडावी लागणार असल्याने लेपाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला आहे. अहवाल येईपर्यंत छताला हात लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी : गिलावा उतरवला

प्रयोगशाळेचा अहवाल आला. छताच्या लेपात ॲस्बेस्टॉस नाही.

पडदीचा आणि सामाईक भिंतीचा गिलावा रुंद छिन्नीने उतरवला. सुटलेल्या भागात छिन्नी कागदाखाली सरकवून हलकीच उचलली, की ताटाएवढा पापुद्रा अखंड निघून येई; त्याच्या तुटक्या कडेला जनावरांचे केस बाहेर आलेले दिसत. चुन्याला चिरा पडू नयेत म्हणून त्या काळी ते मसाल्यात मिसळत. जेथे गिलावा घट्ट होता तेथे विटेचे तोंड निघू नये म्हणून छिन्नी आडवी धरून सावकाश काम केले. चुन्याची आणि विटेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे एफएफपी३ दर्जाचा मुखवटा कामभर काढला नाही, दाराला प्लास्टिकचा पडदा लावला आणि भिंतीवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारला.

भिंतीच्या तळाशी, लाकडी पट्टीला खिळे मारता यावेत म्हणून विटांच्या ओळीत बसवलेले लाकडी ठोकळे सापडले. त्यांपैकी काही कोरडे ठणठणीत आहेत, पण पुढच्या भिंतीलगतचे दोन नखाने उकरले तरी भुगा होऊन पडतात. धुरांड्याच्या विटांवर काजळीचे तपकिरी डाग आहेत. कोळशाच्या धुरातले क्षार विटेत मुरलेले असतात आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. मसाल्याच्या गोळ्यांवाटे ते बोर्डापर्यंत पोचले, तर रंगावर पिवळसर डाग येतच राहतात. त्यामुळे धुरांड्याच्या भागावर बोर्ड लावणार नाही. तेथे पुन्हा चुन्याचाच गिलावा होईल आणि बंद केलेल्या शेकोटीच्या जागी हवेसाठी जाळी ठेवली जाईल. शेकोटी चालू असलेल्या घरातही त्या भागापासून जिप्सम दूरच ठेवावे. ४९ अंश सेल्सिअसच्या वर सतत तापणाऱ्या जागी ते वापरू नये असे उत्पादक सांगतात, कारण जिप्समच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग बांधलेल्या पाण्याचा असतो आणि उष्णतेने ते पाणी हळूहळू निघून जाते.

२४ फेब्रुवारी : पुढची भिंत आणि ओल

मागच्या खोलीत पूर्वीच्या मालकांनी बोर्ड लावून घेतले होते. पावसाळी आठवड्यानंतर आज सकाळी उजेड तिरका असताना त्या भिंतीच्या खालच्या भागाकडे पाहिले, तेव्हा रंगाखाली तळहाताएवढे गडद ठिपके एकाखाली एक, सारख्या अंतरावर, तीन उभ्या ओळींत उमटलेले दिसले. मसाल्याचा गोळा जेथे जेथे भिंतीला टेकला आहे, तेथे तेथे ओल विटेतून गोळ्यात आणि गोळ्यातून बोर्डात शिरली आहे. मधल्या पोकळ जागी बोर्ड कोरडा आहे. बोर्डामागची भिंत ओली असताना काम उरकले की काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

म्हणून पुढच्या भिंतीला सध्या काहीच लावायचे नाही. तिच्या खालच्या मीटरभर उंचीवर सिमेंटचा गिलावा मारलेला होता आणि त्याच्या वरच्या कडेला लोणा फुटला होता. दोन टाचण्यांच्या विद्युत मापकाने आकडे मोठे दाखवले, परंतु विटेतले क्षारही विद्युतप्रवाह वाहून नेतात. त्यामुळे लाकडासाठी बनवलेल्या या यंत्राच्या आकड्यावर भिंतीच्या बाबतीत विसंबता येत नाही. कारण शोधायचे तर बाहेरच जावे लागते.

बाहेर गेल्यावर कारण दिसले. दारापुढच्या छोट्या अंगणात कोणीतरी जुन्या फरशीवरच काँक्रीट ओतले आहे. त्यामुळे जमिनीची पातळी भिंतीतल्या पाटीच्या दगडाच्या ओलरोधक थराच्या वर गेली आहे आणि लाकडी जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटा निम्म्या गाडल्या गेल्या आहेत. ओलरोधक थर जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावा. शिवाय पन्हळीचा एक सांधा गळतो आणि विटांच्या दरजा सिमेंटने भरलेल्या असल्याने आत शिरलेले पाणी सांध्यांतून बाहेर पडू शकत नाही. काँक्रीटचा भिंतीलगतचा पट्टा फोडून तेथे खडी भरायची, जाळ्या मोकळ्या करायच्या, पन्हळ दुरुस्त करायची, दरजा उकरून चुन्याने भरायच्या आणि आतून खारट गिलावा पूर्ण उतरवून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची, असे ठरले आहे. भरीव भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरतात. नऊ इंचांचा हिशेब करताना ही भिंत दोन्ही बाजूंनी वाळते हे लक्षात घेतले, तरी शरद ऋतूपर्यंत थांबणे भाग आहे.

९ मार्च : भोके बुजवणे आणि तारा

जमीन लाकडी तुळयांवर असून तिच्याखाली बाहेरची थंड हवा मुद्दाम खेळवलेली असते. फळ्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ती हवा वर येते. भिंतीवर नुसते गोळे थापून बोर्ड लावला, तर त्याच्या मागे तळापासून छतापर्यंत वाऱ्याला सलग वाट मिळते, खोली तापवूनही भिंत गार राहते आणि विजेच्या खोक्यांतून झुळूक येते. म्हणून फळ्यांच्या कडेची फट, लाकडी ठोकळे काढून राहिलेले खळगे, तुळयांच्या टोकांभोवतीची भोके आणि जुन्या गॅसनळीची वाट हे सारे आज विटेचे तुकडे व चुन्याचा मसाला घालून बुजवले. तुळयांचे लाकूड आकुंचन-प्रसरण पावत असल्याने तेथे मसाल्याऐवजी लवचीक सीलंट भरले.

विजेचे काम नोंदणीकृत वायरमनकडून करून घेतले. पडदीत खाचा पाडताना इंग्लंडच्या बांधकाम नियमांतील मर्यादा पाळावी लागते. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी. १०२.५ मिमीच्या पडदीत याचा अर्थ उभी ३४ मिमी आणि आडवी अवघी १७ मिमी. आडव्या खाचेने इतकी बारीक भिंत सहज कमकुवत होते, म्हणून सर्व तारा वरून सरळ खाली आणल्या आहेत आणि बोळाच्या बाजूच्या खोक्याच्या बरोबर पाठीमागे नवे खोके बसवलेले नाही. तार खोक्याच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेतच असावी, अथवा कोपऱ्यापासून व छतापासून १५० मिमीच्या पट्ट्यात असावी. पुढे कोणी चित्र टांगायला भोक पाडताना याच नियमावर विसंबून जागा निवडतो. प्रत्येक भिंतीचे मोजपट्टीसह छायाचित्र काढून ठेवले आहे.

सांगलीच्या मामांना व्हिडिओवर काम दाखवले. त्यांनी चाळीसेक वर्षे घरे बांधली आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न नेमका होता : "अगं, बोर्डाच्या मागं सगळं पोकळच राहणार ना? मग उद्या जड कपाट टांगायचं झालं तर खिळा धरणार कशाला?" त्याचे उत्तर चिकटवण्याच्या दिवशी द्यायचे आहे आणि त्यासाठी रेडिएटर, फडताळ व पडद्याच्या दांडीच्या जागा आजच मोजून कागदावर मांडल्या.

१६ मार्च : रेषा आखणे

भिंतीवर आडवी-उभी लांब सरळ पट्टी फिरवून सर्वांत पुढे आलेली वीट शोधली. ती दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला निघाली. तिच्यावर मसाल्याची किमान १० मिमी जाडी आणि बोर्डाची १२.५ मिमी धरून सुमारे २५ मिमी अंतरावर लेसरच्या साहाय्याने छतावर आणि जमिनीवर एकच रेषा मारली. बोर्डाचे तोंड कोठे यायचे हे आता या दोन रेषा सांगतील. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला वीट इतकी आत गेलेली आहे की गोळ्याची जाडी २५ मिमीहून अधिक भरली असती. एवढा जाड गोळा ओला असताना बोर्डासह खाली घसरतो. त्या भागात आधी मसाल्याचा एक थर देऊन खळगा उथळ केला आणि तो खरखरीत ठेवला.

जुनी वीट पाणी फार शोषते. कोरड्या विटेवर थापलेल्या गोळ्यातले पाणी ती काही क्षणांत ओढून घेते, आणि मग मसाला नीट घट्ट न होता भुकटीसारखा राहून बोर्ड महिन्याभरात सुटतो. भिंत ब्रशने झाडली, धूळ पुसली आणि विटेचा शोष कमी करणारा प्राइमर मारला.

२३ मार्च : पडदीवर बोर्ड चिकटवले

खोलीची उंची २.६८ मीटर असल्याने २.७ मीटर लांबीचे बोर्ड मागवले होते. लहान बोर्ड घेतले असते तर वर आडवा सांधा आला असता. इतके लांब बोर्ड अरुंद बोळातून वळवणे कष्टाचे आहे. दोघांनी उभे धरून, खालच्या कडेखाली पाय न येऊ देता आत घेतले. बोर्ड खोलीच्या उंचीपेक्षा सुमारे १५ मिमी आखूड कापले. कागदावर धारदार पात्याने एक रेघ ओढायची, मागून गुडघ्याने हलका धक्का द्यायचा, जिप्सम सरळ रेषेत तुटते, मग मागचा कागद कापायचा.

मसाला कालवताना बादलीत आधी स्वच्छ पाणी आणि मग भुकटी घालावी, उलट कधीही करू नये. प्रत्येक घाण्यानंतर बादली व ढवळण्याचा पंखा धुतला पाहिजे, कारण मागच्या घाण्याचे घट्ट झालेले कण नव्या मसाल्यात राहिले तर जिप्समचे स्फटिक त्यांच्याभोवती भराभर जमतात आणि मसाला हातातच आवळतो. एका वेळी एकाच बोर्डापुरता मसाला भिंतीवर लावला.

आता मुख्य भाग. प्रथम बोर्डाच्या चारही कडा भिंतीवर जेथे येतील तेथे, म्हणजे छतालगत, जमिनीलगत आणि दोन्ही उभ्या कडांना, मसाल्याचा अखंड पट्टा ओढला. तसाच पट्टा विजेच्या प्रत्येक खोक्याभोवती आणि दाराच्या चौकटीभोवती. त्यानंतर मधल्या भागात थापीएवढे, सुमारे २५० मिमी लांब आणि ५० ते ७५ मिमी रुंद गोळे उभ्या ओळीत दिले. अनेक कारागीर हा अखंड पट्टा देत नाहीत. वेळ व मसाला दोन्ही वाचतात आणि भिंत पहिल्या दिवशी तितकीच सरळ दिसते. पण बोर्डामागच्या हवेला बंद खणात अडवण्याचे काम हा पट्टाच करतो. त्याच्यामुळे २५ किलोच्या पिशवीत जेमतेम तीन बोर्ड बसले. तो खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो.

रेडिएटरच्या कड्या आणि फडताळाचे आधार जेथे येणार आहेत, तेथे गोळ्यांऐवजी फूटभर रुंदीचा सलग थर भरला. मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे. उरलेले अर्धे असे की जड वस्तूचा स्क्रू बोर्डात थांबू द्यायचा नाही. तो बोर्ड व मसाला पार करून विटेत किमान पाच सेंटीमीटर गेला पाहिजे आणि प्लग विटेतच बसला पाहिजे. मागे भरीव थर असल्यामुळे स्क्रू आवळताना बोर्ड आत दबत नाही. कामगिरी विटेची असते, बोर्ड केवळ मधला थर आहे.

बोर्ड भिंतीजवळ उभा करून पायाने दाबायच्या छोट्या तरफेवर उचलला, छताला टेकवला आणि खाली बोर्डाचेच तुकडे सरकवून धरून ठेवला. मग लांब पट्टीने वरपासून खालपर्यंत ठोकत, दोन्ही रेषांशी जुळेपर्यंत आत नेला आणि पाणसळ उभी व तिरकी लावून तपासला. पहिला बोर्ड बिनचूक ओळंब्यात बसला तरच पुढचे बसतात. म्हणून त्यावर बराच वेळ दिला आणि बाकीचे त्यामानाने पटापट झाले. मसाला आवळू लागल्यावर बोर्ड पुन्हा हलवायचा नाही, नाहीतर पकड तुटते आणि ती परत येत नाही.

२४ मार्च : तपासणी

खालचे आधार काढले आणि १५ मिमीची फट सीलंटने भरली. बोर्डाची कड जमिनीला टेकलेली नाही, त्यामुळे पाणी सांडले तरी ती ते शोषणार नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्यावर कडांना आणि ओळींवर भरीव, मध्ये पोकळ असा अपेक्षित आवाज येतो. बाहेर वारा सुटला असताना खोक्यांजवळ उदबत्ती धरली, तेव्हा धूर सरळ वर गेला.

बोर्डाचे उरलेले तुकडे वेगळ्या पोत्यांत भरले. जिप्सम इतर कुजणाऱ्या कचऱ्यात पुरले गेले, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. म्हणून इंग्लंडमध्ये ते कचरा केंद्रावर स्वतंत्रपणेच द्यावे लागते.

६ एप्रिल : सामाईक भिंत

येथे पद्धत बदलली. जुना जाड गिलावा आवाज अडवण्याचे मोठे काम करत होता. तो काढून नुसत्या विटेवर गोळ्यांनी बोर्ड लावला, तर विटांच्या अर्धवट भरलेल्या सांध्यांतून आवाज थेट येतो. शिवाय बोर्ड आणि भिंत यांच्यातली बारीक बंद हवा काही सुरांना आणखी उठाव देते. शेजारच्या काकूंच्या घरी लहान नातू आहे आणि आमच्याकडे संध्याकाळी तबल्याचा रियाज असतो, तेव्हा याचा विचार दोन्ही घरांच्या दृष्टीने आवश्यक होता.

धुरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत विटेवर आधी चुना-वाळूचा ८ मिमीचा सलग लेप दिला, ज्याने सांधे बंद झाले. त्यापुढे सुमारे १० मिमी अंतर सोडून, भिंतीला कोठेही न टेकणारा पत्र्याचा सांगाडा केवळ जमिनीला व छताला बांधला. उभ्या पट्ट्यांमध्ये ६०० मिमी अंतर, मध्ये ५० मिमी खनिज लोकर आणि वर जड प्रकारच्या १२.५ मिमी बोर्डाचे दोन थर. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत. चारही कडांना सीलंट. जागा साधारण ८५ मिमी गेली. एकही स्क्रू विटेपर्यंत पोचू नये यासाठी त्यांची लांबी निवडून घेतली, कारण सांगाडा एका ठिकाणी जरी भिंतीला जोडला गेला तरी कंपनांना वाट मिळते. जमिनीच्या तुळयांतून येणारा आवाज यामुळे थांबणार नाही, हे काकूंनाही आधीच सांगितले आहे.

१३ एप्रिल : सांधे आणि शेवटचा थर

सांध्यांवर जाळीची पट्टी लावून अनुभवी कारागिराकडून दोन हातांत मिळून साधारण २ मिमी जिप्समचा गुळगुळीत थर घेतला. ताजा थर गडद तपकिरी-गुलाबी असतो आणि वाळेल तसा फिकट होत जातो. भिंतीवरचा शेवटचा गडद पट्टा जाईपर्यंत रंग लावायचा नाही. खिडकी किंचित उघडी ठेवली आहे, हीटर लावलेला नाही.

११ मे

पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा पहिला हात आणि नंतर दोन पूर्ण हात झाले. रेडिएटर चढवला. स्क्रू विटेत घट्ट धरले आहेत.

२१ सप्टेंबर : पुढच्या भिंतीचा निर्णय

बाहेरची कामे मे अखेरीस पुरी झाली होती. भिंत आता हाताला कोरडी लागते, लोणा नव्याने आलेला नाही. वेगवेगळ्या उंचीवर भोके पाडून काढलेल्या विटेच्या भुकटीतल्या ओलीची कार्बाइड पद्धतीने चाचणी घेतली, तीही समाधानकारक आली.

बाहेरच्या भिंतीचा निम्म्याहून अधिक गिलावा काढला, की इंग्लंडच्या नियमांनुसार तिची उष्णतारोधकता सुधारावी लागते. आतून थर देताना अपेक्षित यू-मूल्य (भिंतीतून उष्णता किती वेगाने निसटते याचे माप; जितके कमी तितके चांगले) ०.३० आहे; तांत्रिकदृष्ट्या ते शक्य नसेल तर वाजवी मर्यादेपर्यंत जावे लागते. आमच्या नऊ इंची भिंतीचे यू-मूल्य हिशेबाने २ च्या आसपास येते. पीआयआर हा उष्णतारोधक प्लास्टिक फोम चिकटवलेला प्लास्टरबोर्ड घेतला असता तर सुमारे ६५ मिमी फोममध्ये ०.३० गाठता आले असते, आणि बहुतेक लोक तेच करतात.

मी तो मार्ग नाकारला आहे. फोमच्या आत घर उबदार राहते आणि त्याच्या मागची वीट पूर्वीपेक्षा थंड होते. खोलीतली दमट हवा एका जरी फटीतून मागे गेली, तर थंड विटेवर पाणी धरते आणि फोममुळे ते परत आत वाळू शकत नाही. याच भिंतीत जमिनीच्या तुळयांची टोके बसलेली आहेत. कुजली तर ती आधी कुजतील, आणि ती दिसणारही नाहीत. आधुनिक पोकळ भिंतीच्या घरात मी तो बोर्ड आनंदाने लावला असता, परंतु पावसाचे पाणी शोषून पुन्हा हवेत सोडणाऱ्या शंभर वर्षांहून जुन्या भरीव भिंतीला तिची वाळण्याची वाट ठेवलीच पाहिजे.

त्याऐवजी ६० मिमी लाकडी तंतूंच्या पाट्या आणि वर चुन्याचा गिलावा असा प्रस्ताव बांधकाम नियंत्रण विभागासमोर हिशेबासह ठेवला. यू-मूल्य ०.५० च्या जवळ येते. जुन्या भिंतीतील ओलीचा धोका हे कारण मान्य करून त्यांनी संमती दिली.

५ ऑक्टोबर : पुढची भिंत

विटेवर आधी चुन्याचा समतल थर देऊन वाळवला होता. त्यावर चुन्याचाच मसाला दातेरी थापीने संपूर्ण पृष्ठभागावर पसरून पाट्या दाबून बसवल्या. येथे गोळे चालत नाहीत. पाटीमागे पोकळी उरली की तेथे हवा फिरते आणि ओल साठते, म्हणून पाटीचा प्रत्येक भाग भिंतीला टेकलेला असला पाहिजे. मसाला घट्ट झाल्यावर प्रत्येक पाटीला रुंद टोपीचे प्लग विटेत ठोकले. खिडकीलगतच्या भिंतीच्या आत वळलेल्या कडांवर चौकटीमुळे जागा कमी असल्याने २० मिमीचीच पाटी बसली, पण तो भाग उघडा सोडला असता तर सारी वाफ तेथेच थिजली असती.

पडदीचा प्लास्टरबोर्ड आणि पुढच्या भिंतीचा चुना जेथे कोपऱ्यात भेटतात, तेथे दोन्ही एकमेकांत न मिसळता मध्ये उभी चीर ठेवून ती लवचीक सीलंटने भरली. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या गतीने आकुंचन पावतात.

२ नोव्हेंबर

चुन्याचा दुसरा थर जाळी बसवून झाला, शेवटचा बारीक थर पुढच्या आठवड्यात होईल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होत असल्याने भिंतीवर दिवसातून दोनदा पाण्याचा बारीक फवारा मारतो आहोत आणि पाच अंशांखाली तापमान जाऊ नये म्हणून रात्री रेडिएटर मंद चालू ठेवतो. या भिंतीला प्लास्टिकयुक्त रंग लागणार नाही. चुन्याला चालणारा, वाफ जाऊ देणारा खनिज रंग मागवला आहे. पडद्याच्या दांडीसाठी खिडकीच्या वर पाट्यांच्या जागी लाकडी पट्टी विटेत बांधून ठेवली असून तिची उंची जमिनीपासून २.३१ मीटर आहे.